उलट्या तोंडाचा बाण

माझी वहिनी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. तरी ती वहिनी, कारण दादा मोठा. ती मला 'अहो ताई' म्हणते आणि मी तिला 'अगं वहिनी'. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हा गोडवा! गोडवा आहेच, पण सगळा तिच्या बाजूचा. माझ्या बाजूला पोटदुखी आहे, आणि ती कुठल्याही औषधानं जाणारी नाही. औषधं शोधणं हाच माझा धंदा असल्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकते.

घरातली पोटदुखी मी एकवेळ सोसली असती. आईनं माझ्या हातच्या चहाला जन्मात कधी बरं म्हटलं नाही, आणि बाहेरून आलेल्या हिच्या चहाला पहिल्याच दिवशी 'याला म्हणतात चहा' म्हणाली. मी गप्प राहिले. दादा आता पाणी स्वतः उठून घेतो. माझ्यासमोर त्याचे पाय जन्मभर जमिनीला चिकटलेले होते. तेही सोडून दिलं. पण मग ही माझ्या प्रयोगशाळेत आली. आणि आणलं कुणी? मीच. एकदा जेवताना बोलून गेले की आमच्याकडे जिवाणूंची जनुकं वाचणारं कुणी नाही, प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे मोठे सर, माणूस शोधताहेत. हिचं शिक्षण नेमकं त्यातलंच. बघता बघता ती माझ्या शेजारच्या खोलीत बसायला लागली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माझा नेम कधी चुकत नाही.

आता लिंबूबद्दल सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्याच्यावरून. भांडण म्हणजे माझं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

लिंबू म्हणजे एक जिवाणू. बाबा गेले त्या वर्षी त्यांचं कुंडीतलं लिंबाचं झाडही वाळलं. आई कुंडी रिकामी करायला निघाली, तेव्हा मी तिच्यातली चमचाभर माती डबीत भरून प्रयोगशाळेत नेली. लोक फोटो जपतात, मी माती जपली. ती पाण्यात कालवून जिवाणू वाढवायच्या एका प्लेटवर पसरली. त्या प्लेटवर मी जिवाणूंची एक दुष्ट जात पेरली होती, जखमेत पू करणारी, रुग्णालयातल्या बहुतेक औषधांना भीक न घालणारी. दोन दिवसांत तिनं सगळी प्लेट दुधाळ करून टाकली. फक्त एका तपकिरी, सुरकुतलेल्या ठिपक्याभोवती बोटभर रुंदीचं स्वच्छ कडं होतं. त्या कड्यात काहीही जगलं नव्हतं. मी प्लेट उजेडाकडे धरली आणि एकटीच रडले. मग डोळे पुसून झाकणावर लिहिलं, 'लिंबू. हात लावू नये.'

कुणी लावलाही नाही. लिंबूला काय आवडतं, किती ऊब लागते, वाढीच्या कुठल्या टप्प्यावर तो विष सोडायला लागतो, सगळं मला पाठ. ते विष म्हणजे एक छोटंसं पेप्टाइड, अमिनो आम्लांची अकरा मण्यांची माळ. कोणता मणी कोणानंतर येतो ते शोधायला मला दोन वर्षं लागली. माळ तोडायची, तुकडे वजनावर पारखायचे, पुन्हा तोडायची. त्यातही दोन मण्यांची जागा कधी पक्की ठरली नाही. आणि लिंबू भारी चिकट. बादलीभर वाढवला तर विष निघणार चिमूटभर. तेवढ्यावर कुणाची जखम बरी होत नाही.

वहिनीनं आल्या आल्या लिंबूची सगळी जनुकं वाचून काढली. एका दुपारी चहाचा कप घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "ताई, जरा येता का? गंमत दाखवते."

तिच्या पडद्यावर बाणांची रांग होती. एक बाण म्हणजे एक जनुक, हे मलाही ठाऊक होतं.

"एरवी पेशीत प्रथिनं कशी होतात?" ती म्हणाली. "सगळ्यांना मिळून एकच प्रकारचं यंत्र. जनुकाचा निरोप येईल तशी ते माळ ओवून देतं. पण तुमचा लिंबू या माळेसाठी ते यंत्र वापरतच नाही. त्यानं वेगळे कारागीर ठेवलेत. हे लांबलचक बाण दिसतात ना, ही त्या कारागिरांची जनुकं. अवाढव्य एन्झाइमं आहेत. प्रत्येकात भाग पाडलेत, आणि एका भागाचं काम एवढंच, आपला ठरलेला मणी उचलायचा, आलेल्या माळेला जोडायचा, आणि माळ पुढच्याच्या हातात द्यायची."

"आग विझवताना बादल्या देतात तशी."

"अगदी! आणि ज्या क्रमानं भाग, त्याच क्रमानं मणी. म्हणजे जनुक वाचलं की माळ वाचता येते. मोजा, अकरा भाग."

तिनं बोट ठेवत ठेवत अकराही मणी सांगितले. नऊ माझेच होते, माझ्याच क्रमानं. उरलेले दोन, ज्यांनी मला रडवलं होतं, ते तिनं कपातला चहा गार व्हायच्या आत जागेवर बसवले.

"तुमचे नऊच्या नऊ बरोबर आलेत हो, ताई," ती कौतुकानं म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते मला त्या दुपारी कळलं. माझे नऊ चुकले असते तरी परवडलं असतं. ही मला बरोबरची खूण करत होती, शाळेतल्या बाईंसारखी, आणि तिच्या डोळ्यांत कुत्सितपणा शोधूनही सापडत नव्हता. सापडला असता तर मी तिला माफ केलं असतं.

संध्याकाळी आई आणि मी मटार सोलत बसलो होतो. दादानं आल्या आल्या बायकोचा पराक्रम आईच्या कानावर घातला.

"अगं बाई, एका दुपारी?" आई म्हणाली. "मग ही इतकी वर्षं काय करत होती?"

"ताईंनी ते करून ठेवलं होतं म्हणून तर मला ताडून बघता आलं, आई," वहिनी आतून म्हणाली. ती नेहमी असंच काहीतरी म्हणते. मी शेंग इतक्या जोरात दाबली की दाणे कपाटाखाली गेले.

मोठे सर त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होते. जाण्याआधी लिंबूचं काम एका माणसाच्या नावावर करून जायचं, असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं. जिवाणू वाढवायच्या मोठ्या टाक्या, पुढच्या चाचण्या, सगळं त्या माणसाच्या हाताखाली चालणार. "लिंबू कमी देतो ना, मग त्याची ती जनुकं उचला आणि एखाद्या भराभर वाढणाऱ्या पाळीव जिवाणूत घाला," ते म्हणाले. "हे ज्याच्या हातून होईल..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण बघितलं वहिनीकडे. जनुकं उचलणं तिचं काम. म्हणजे बाबांच्या कुंडीतला माझा लिंबू तिच्या पदरात जाणार, आणि मी तिच्या हाताखाली प्लेटा धुणार. त्या दिवशी मी घरी चालत गेले, तिच्यासोबत एका गाडीत बसायला नको म्हणून.

वहिनीनं तो जनुकांचा पट्टा कापला आणि पाळीव जिवाणूत घातला. प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठले आणि विरघळून गेले. जे थोडे जगले ते धडधाकट होते, पण माळ करतच नव्हते. तपासलं तर त्यांनी मधलं एखादं जनुक मोडून टाकलेलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच. वहिनी सुकत चालली. मी वरवर चुकचुकले. आतून मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्या दिवसांत मला झोपसुद्धा छान लागायची.

मग एका शुक्रवारी सकाळी मी लिंबूच्या जुन्या प्लेटा आवरत होते. लिंबूला अधूनमधून एखादं फिकट पोर होतं, तपकिरीऐवजी पांढुरकं. विष करणं त्यांना जमायचं नाही, म्हणून मी त्यांना रोगट समजून फेकत आले होते. त्या दिवशी असं एक फिकट पोर लिंबूला खेटून उगवलं होतं, आणि लिंबूच्या बाजूनं पार वितळलं होतं. चंद्रकोरीएवढं उरलं होतं फक्त. मी प्लेट हातात धरून तशीच उभी राहिले. परक्यांना मारणारं विष स्वतःच्या पोराला का मारतंय? आणि मुळात ते लिंबूला स्वतःला का मारत नाही?

समोर भिंतीवर वहिनीच्या बाणांचा नकाशा होता. तिनंच मला प्रेमानं छापून दिला होता. सगळे मोठे बाण उजवीकडे तोंड करून. शेवटच्या बाणानंतर थोडी मोकळी जागा, आणि मग एक छोटासा बाण, डावीकडे तोंड केलेला. त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'साधा पंप, संबंध नसावा.' पट्टा आधीच लांबलचक, उचलायला जड. म्हणून तिनं शेवटच्या मोठ्या बाणापाशीच कात्री चालवली होती. उलट्या तोंडाचा, रांगेत न बसणारा, कुणीतरी बाहेरचा. कुणीही सोडला असता.

मी लिंबूचा आणि त्या फिकट पोराचा डीएनए काढला, छोट्या बाणाच्या जागेच्या प्रती काढायला यंत्रात लावल्या, आणि चहानंतर त्या जेलवर धाववून बघितल्या. जनुक असेल तर जेलवर रेघ उमटते. लिंबूच्या रकान्यात ठसठशीत रेघ. पोराच्या रकान्यात काही नाही. तो छोटा बाण लिंबूचं कवच होतं! विष आत साचू न देता पेशीबाहेर फेकणारा पंप. पोरानं तो गमावला होता, म्हणून ते लिंबूच्या विषानं मेलं. आणि वहिनीनं पाळीव जिवाणूंना विष करायची सगळी विद्या दिली होती, त्यापासून स्वतः वाचायची तेवढी सोडून. बिचारे आज्ञाधारकपणे विष करत होते आणि मरत होते.

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. वहिनी डोकं धरून बसलेली मला दिसत होती. चार पावलं चालून एक वाक्य बोलायचं होतं. मी जेलचा फोटो पिशवीत घातला आणि म्हणाले, "निघायचं का, वहिनी?"

कारण सोमवारी बैठक होती. मोठे सर, सगळा विभाग, आणि मधोमध मी. तिची कात्री कुठे चुकली ते मी सगळ्यांदेखत दाखवणार होते. त्या दिवशी खूण करणारी बाई मी असणार होते.

शनिवार-रविवार मी मूग गिळून काढले. वहिनी धड जेवली नाही, तर आई ताट तिच्या खोलीत घेऊन गेली. मला टायफॉइड झाला होता तेव्हाही माझं ताट टेबलावरच असायचं. दादा माझ्यामागोमाग गॅलरीत आला.

"तू तरी बघ ना, तुला काही सुचतंय का. रडते गं ती."

"मी साधी जिवाणू वाढवणारी," मी म्हटलं. "तिच्या विद्वत्तेतलं मला काय कळतंय?"

"असं काय बोलतेस?"

"आहे ते बोलते."

कोपऱ्यात बाबांची रिकामी कुंडी कलली होती, ती त्यानं पायानं सरळ केली आणि आत गेला.

रविवारी दुपारी वहिनी स्वतःच माझ्या खोलीत आली. नाक लाल झालं होतं. "ताई, मी उद्या सरांना सांगून टाकते, माझ्याच्यानं होत नाही म्हणून. लिंबू तुमचाच आहे. तुम्हीच न्या पुढे."

घ्या! मला हवं होतं तेच, आयतं, ताटात वाढून. पण मला ते तिच्या हातून नको होतं. तिनं दिलं असतं तर आईनं त्याचंही कौतुक केलं असतं.

"घाई करू नकोस," मी म्हटलं. "उद्या आधी मी बोलते."

"काही सापडलंय का तुम्हाला?" तिचे डोळे एकदम मोठे झाले.

"बघू," मी म्हटलं आणि पुस्तकात डोकं घातलं. ती दार ओढून घेऊन गेली.

सोमवारी मी बोलले, आणि खरं सांगायचं तर झकास बोलले. फिकट पोराची प्लेट फिरवली. जेलचा फोटो पडद्यावर लावला. मग तो नकाशा लावला आणि छोट्या बाणावर काठी टेकवून 'संबंध नसावा' हे शब्द सावकाश, मोठ्यानं वाचले. वहिनीनं तोंडावर हात ठेवला. विभागातली माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली. त्या क्षणासाठी मी दोन दिवस काढले होते, आणि तो क्षण अगदी हवा तसा होता.

"वा!" मोठे सर पुढे झुकले. "कधी केलंत हे?"

"शुक्रवारी, सर. एका दिवसात झालं." 'एका दिवसात' यावर मी जोर दिला. आईच्या 'एका दुपारी'ला उत्तर द्यायचं होतं ना मला.

"शुक्रवारी?" त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?"

टाक्यांवर काम करणारा आमचा सहकारी कपात बघत बसला. माझ्या हातातली काठी अजून त्या बाणावर होती, आणि ती खाली घ्यावी की नाही हेच मला सुचेना.

"विचारतो एवढ्यासाठी," सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "की मोठ्या कामात एकाला कळलेलं दुसऱ्याला त्याच दिवशी कळावं लागतं. नाहीतर मी हे काम कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ?"

लिंबू गेला, मला कळलं. माझ्या तोंडानं गेला.

"मला माहीत होतं, सर," वहिनी म्हणाली.

ती उभी राहिली होती. कान लालबुंद. तिला खोटं बोलता येत नाही, ते कुणालाही दिसलं असतं. "ताईंनी शुक्रवारी घरी जाता जाताच सांगितलं मला. मीच म्हटलं, शोध तुमचा आहे, तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. उशीर माझ्यामुळे झाला."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "असं असेल तर ठीक. मग लिंबू तुमच्याच नावावर," ते मला म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनंही वाजवल्या.

बैठकीनंतर ती नळापाशी हात धूत होती. मी शेजारच्या नळाशी उभी राहिले.

"खोटं का बोललीस?"

"मग काय करू? संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायचंय आपल्याला." तिनं नळ बंद केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रागानं बघितलं. "दोन दिवस मला वाटत होतं की मी मूर्ख आहे. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतात, ताई. पुन्हा असं केलंत तर मी मधे पडणार नाही."

"चुकलं माझं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. पण त्याच्या आधी मनात जे आलं ते वेगळंच होतं. हेही हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे आलं होतं. मी तिच्या जागी असते तर बाकावर बसून मजा बघितली असती, आणि हे मला जितकं नक्की माहीत होतं तितकंच तिलाही.

नवा पट्टा आम्ही दोघींनी मिळून कापला. "इथपर्यंत?" ती पडद्यावर बोट ठेवून विचारायची. "आणखी थोडं पुढे," मी म्हणायचे. छोटा बाण आत आला, त्याच्या मागे थोडी मोकळी जागाही घेतली.

पहिली प्लेट बाहेर काढली ती मी. दुधाळ प्लेटवर चार ठिपके, प्रत्येकाभोवती लिंबूच्या कड्याच्या दुप्पट रुंद कडं, आणि मधोमध पाळीव जिवाणू, टुणटुणीत, चकचकीत, जिवंत. मी ती उजेडाकडे धरली. ही मला एकटीला बघायची होती. पहिलीसुद्धा मी एकटीनंच बघितली होती. थोडा वेळ बघितलीही.

मग हाक मारली, "वहिनी, ये."

ती धावत आली, प्लेटवर वाकली, आणि म्हणाली, "बाबा असायला हवे होते हो, ताई." बाबांना तिनं कधी पाहिलेलंही नाही. आणि एवढं म्हणून माझ्या आधी तीच रडायला लागली. तिथेही पहिला नंबर तिचाच.

मी प्लेट तिच्या हातात दिली. मला डोळे पुसायला हात मोकळा हवा होता.